घोडा वेगळा

जगाचा इतिहास घोड्यावर बसलेल्या माणसांनी घडवला आहे. बाकीच्यांनी त्यांच्यामागून लीद चुकवत चालण्याचं काम केलं.

लतिका परुळेकर बाकीच्यांत मोडत होती. वय सेहेचाळीस, वसईच्या एका सहकारी बँकेत नोकरी, नायगावच्या खाडीदर्शन हाइट्समध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. खिडकीतून समोरची इमारत दिसायची. खाडी त्या इमारतीतल्या लोकांना दिसायची. सोसायटीच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ती वर्षानुवर्षं चौथ्या रांगेत चालत आली होती, हातात 'खाडीदर्शन परिवार' या कापडी फलकाची डावी दोरी धरून. उजवी दोरी दर वर्षी वेगळ्या बाईकडे जायची. डावी मात्र लतिकाकडे कायम झाली होती, सरकारी नोकरीसारखी. आणि दर वर्षी तिला दिसायचं ते एकच: खूप पुढे, सगळ्यांच्या डोक्यांवरून, नऊवारी नेसून घोड्यावर बसलेल्या कोणा एका मुलीची पाठ.

ती मुलगी यंदा लग्न होऊन पुण्याला गेली आणि जागा रिकामी झाली.

क्लब हाउसमधल्या बैठकीत सांस्कृतिक सचिव हर्षवर्धनने विषय काढला. हर्षवर्धन ऑफिसात नक्की काय करतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. सोसायटीत मात्र तो नियोजन करायचा.

"या वर्षी एक चेंज आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचे फोटो बघा. प्रत्येक फोटोत घोड्याची दोरी धरलेला तो माणूस येतो. बनियन घातलेला. आपली थीम काय होती? स्त्रीशक्ती. आणि स्त्रीशक्तीला धरून कोण चाललंय? बनियनवाला. यंदा घोडा धरायला कोणी नको. जिला एकटीला बसता येतं अशी कोणी आहे का?"

हर्षवर्धनची मेव्हणी पिंकी पहिल्या रांगेत बसली होती. ती बी विंगमध्ये नुकतीच राहायला आली होती आणि तिच्याकडे स्वतःचा फेटा होता, आधीच बांधलेला, टोपीसारखा चढवायचा. "मी काय, शिकून घेईन," असं ती म्हणणार इतक्यात मागून आवाज आला, "मला येतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. लतिकानेही पाहिलं असतं, पण आवाज तिचाच होता.

"तुम्हाला?" हर्षवर्धन म्हणाला. "कुठे शिकलात?"

"माथेरानला."

हे अगदीच खोटं नव्हतं. लग्नानंतर फिरायला गेले होते तेव्हा ती माथेरानला घोड्यावर बसली होती. घोडेवाल्याने दोरी धरली होती आणि नवऱ्याने, जितेशने, तिचा पाय.

"ग्रेट. पण आयत्या वेळी नाही जमलं तर सांगा हं. पिंकी बॅकअपला राहील."

"काही टेन्शन घेऊ नका, काकू," पिंकी म्हणाली. "मी आहे."

इथपर्यंत लतिकाच्या मनात माघार घ्यायचा विचार होता. 'काकू' ऐकल्यावर तो गेला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. जितेश मॅच बघत होता. तो म्हणाला, "मग आता?"

"आता शिकायचं. अजून महिना आहे."

तिने मुंबईच्या एका रायडिंग क्लबला फोन लावला. तिथल्या मुलीने आधी विचारलं की मॅडम, स्वतःचे बूट आहेत का. लतिकाने सांगितलं, आहेत. मुलीने विचारलं, गुडघ्यापर्यंतचे? त्यानंतर तिने प्रवेश फी, मासिक फी, हेल्मेट, विमा आणि परत न मिळणारी अनामत, असं ओळीने सांगितलं. लतिकाने फोन स्पीकरवर ठेवला होता. जितेशने मॅचचा आवाज बंद केला.

"एवढ्यात खाली पार्किंगची जागा येते," तो म्हणाला. "आणि तिला चारा लागत नाही."

शेवटी बँकेतल्या शिपायाने नंबर दिला. नंदाखाल गावचे ज्युलियस लोपीस, घोडेस्वारीचे प्रशिक्षक, घरी येऊन शिकवतात. रविवारी सकाळी ते ॲक्टिव्हावरून आले. साठीच्या आसपासचे, ताठ, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या. बहारीनला एका शेखच्या तबेल्यात नऊ वर्षं काढली, असं त्यांनी दारातच सांगितलं. पाणी प्यायले आणि फी सांगितली. क्लबच्या मानाने ती फारच कमी होती. लतिकाने धरलं, महिन्याची.

"तासाची," ज्युलियस म्हणाले. "घोडा वेगळा."

"घोडा वेगळा म्हणजे?"

"मी फ्रीलान्स आहे, मॅडम. फ्रीलान्स म्हणजे घोडा आमचा नसतो."

"खोगीर?" जितेशने सोफ्यावरून विचारलं.

"ते घोडेवाल्याचं. त्याचं भाडं तो घेतो."

"म्हणजे पोहायला शिकवणारा घरी येणार, पाणी आपण आणायचं."

"पाणी सगळीकडे असतं, सर. घोडा मिळवावा लागतो," ज्युलियस गंभीरपणे म्हणाले. "आणि ही फी उपवासकाळातली आहे. एरवी मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं नाहीत, म्हणून मी मोकळा. ईस्टरनंतर या दरात मी फोनही उचलत नाही."

पाडवा उपवासकाळातच येत होता. लतिकाने हा शुभसंकेत मानला.

पहिले दोन धडे बिनघोड्याचे झाले, कारण घोडेस्वारी म्हणजे नव्वद टक्के बैठक, असं ज्युलियसांचं मत होतं. उरलेले दहा टक्के काय, हे लतिकाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घोडा." बैठक सोफ्याच्या हातावर शिकवली गेली. ओढणीचा लगाम केला होता, टोक टीव्हीच्या स्टँडला बांधलं होतं. "पाठ सरळ. टाचा खाली. नजर लांब," ज्युलियस सांगायचे. नजर लांब टाकली की समोरच्या इमारतीतले एक आजोबा दात घासताना दिसायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी हात केला.

तिसऱ्या धड्याला घोडा आला, म्हणजे लतिका घोड्याकडे गेली. राजोडीच्या किनाऱ्यावर केनी नावाचा माणूस पर्यटकांना फिरवायचा, त्याचा हा घोडा. पांढरट रंगाचा, पोटाने प्रशस्त, नाव कर्नल. शनिवार-रविवारी त्याला गिऱ्हाइकांतून फुरसत नसे, पण आडवारी सकाळी तो मोकळा असायचा. भावात एक अडचण होती. ज्युलियस तासावर घ्यायचे आणि केनीला फेरी सोडून दुसरं मापच माहीत नव्हतं. शहाळ्याच्या गाडीपासून निघायचं, वाळूत रुतलेल्या मोडक्या होडीपर्यंत जायचं, तिथे फोटो काढायचा आणि परत यायचं, ही एक फेरी. कर्नलच्या सबंध कारकिर्दीत याहून वेगळं काही घडलं नव्हतं.

फोटो केनी स्वतः काढायचा. गिऱ्हाइकाचा मोबाइल घ्यायचा, घोड्याच्या पुढ्यात उभं राहून दोन्ही हातांनी वर धरायचा, आणि मोबाइल खाली आला की फेरीचा परतीचा भाग सुरू व्हायचा. लतिकाच्या धड्यांत हे काम ज्युलियसांनी स्वतःकडे घेतलं. रोजचा एक फोटो विद्यार्थ्याच्या प्रगतीसाठी आवश्यक असतो, असं ते म्हणाले. ते होडीपाशी उभे राहून फोटो काढत. मग लतिका मनाशी म्हणे, आता वळू या, उजवा लगाम जरासा ओढी, आणि कर्नल डौलात वळे.

"टर्न छान घेतला, मॅडम," ज्युलियस म्हणायचे. "बाकीच्यांना वर्ष लागतं."

लतिकालाही ते पटत चाललं. एकदा तर तिने लगाम ओढलाच नव्हता, नुसतं वळायचं ठरवलं होतं, तरी कर्नल वळला. रात्री जेवताना तिने हे जितेशला सांगितलं. घोड्याला म्हणे मनातलं कळतं.

"मग त्याला विचार, यंदा बोनस किती देणार आहेत," जितेश म्हणाला.

धडा झाला की ज्युलियसांची बायको क्लेमेंटीन तिला नंदाखालच्या घरी चहाला थांबवायची. ओटीवर बसवून पुढ्यात वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी ठेवायची. "खा गं बाय, घोड्यावर बसायला ताकद पाहिजे," ती म्हणायची. एका सकाळी लतिका बहारीनच्या तबेल्याबद्दल आदराने बोलली. क्लेमेंटीन हसून म्हणाली, "हां, नऊ वर्षं होता तिथे. गवताच्या ट्रकवर."

ज्युलियस वाडीत केळीला पाणी सोडत होते. ते न वळता म्हणाले, "गवत कोण खातं? घोडाच ना?"

लतिकाने आणखी एक सुकेळं उचललं. पाडवा चार दिवसांवर आला होता आणि मास्तर बदलायला आता बाजारात दुसरा मास्तर नव्हता.

पाडव्याच्या सकाळी कर्नल टेम्पोतून नायगावला आला. केनीला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची आणि फुटपाथवरून, फोटोत न येण्याइतक्या अंतराने चालायची सूचना होती. लतिका प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून घोड्यावर चढली. जांभळी नऊवारी, केशरी फेटा, नथ, काळा चष्मा, एका हातात भगवा झेंडा, दुसऱ्यात लगाम. पाठ सरळ, टाचा खाली, नजर लांब. गॅलरीतून पाहण्यासाठी जितेशने मॅच मध्येच सोडली.

तिच्या मागे दुचाकीवरच्या बायका होत्या. पहिल्या गाडीवर पिंकी, नऊवारीत, तयार फेटा घालून. "काकू, भीती वाटली तर नुसती हाक मारा, मी येते," ती म्हणाली. त्यांच्यामागे ढोल-ताशा पथक, मग योग वर्ग, मग फलक. डाव्या दोरीवर या वर्षी कोणी नवीन बाई होती, आणि ती पुढेच बघत होती. अगदी शेवटी टेम्पोत सोसायटीचे निवृत्त मुख्याध्यापक हातात माइक घेऊन बसले होते.

ढोल वाजला, कर्नल निघाला. वरून पाकळ्या पडल्या. बँकेतल्या लतिकाबाई, मघापर्यंत ज्यांना लिफ्टमध्ये कोणी मजला विचारत नसे, त्या आता पहिल्या मजल्याच्या उंचीवरून नायगाव बघत होत्या. माणसं मान वर करून पाहत होती. एवढ्यासाठीच तर सगळं होतं. मारुतीच्या देवळापर्यंत असंच जायचं, नारळ वाढवायचा, संपलं. मग तिला कोणी पुन्हा दोरी दिली नसती.

पहिल्या चौकात हर्षवर्धनने फोटोग्राफर उभा केला होता. तो रस्त्याच्या मधोमध, कर्नलच्या थेट पुढ्यात आला आणि दोन्ही हातांनी कॅमेरा वर धरला. कर्नल थांबला. मान थोडी तिरकी केली, कान टवकारले. फोटो फार सुंदर आला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला, आणि कर्नल वळला.

लतिकाने काहीच ठरवलं नव्हतं. तिने डावा लगाम ओढला, उजवा ओढला, दोन्ही ओढले. लगाम ही गिऱ्हाइकाने धरून ठेवायची वस्तू आहे, असं कर्नलचं पहिल्यापासूनचं मत होतं. तो संथपणे खाडीदर्शनच्या दिशेने निघाला. पिंकीने करकचून ब्रेक लावला. ढोल एकेक करत बंद पडले.

"काय झालं, काकू?" पिंकी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या मागे फेटा नीट करणारा हात होता. "उतरता का? मी बसते."

सगळी शोभायात्रा समोरून तिच्याकडे बघत होती. माथेरान, सोफ्याचा हात, समोरचे आजोबा, सगळं आता बाहेर येणार. फुटपाथवरून केनी निघाला होता, पण त्याच्या वाटेत हर्षवर्धन दोन्ही हात पसरून उभा होता. "फ्रेममध्ये येऊ नका, दादा."

एवढ्यात शेवटच्या टेम्पोवरून मुख्याध्यापकांचा आवाज आला. त्यांना तिथून फक्त घोडा आणि झेंडा दिसत होता. "आणि आपल्या अश्वारूढ लतिकाताई," ते म्हणाले, "मागे वळून आपल्या सर्वांना अभिवादन करीत आहेत."

टाळ्या झाल्या. लतिकाने झेंडा उंचावला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कर्नल दुचाक्यांमधून वाट काढत ढोलांपाशी पोहोचला. तिथे योग वर्गातल्या एका काकांना राहवलं नाही. ते पुढे आले, मोबाइल दोन्ही हातांनी वर धरला. कर्नल थांबला. मान तिरकी. मोबाइल खाली आला आणि कर्नल पुन्हा वळला, देवळाकडे.

लतिकाने त्या काकांच्या मोबाइलकडे पाहिलं. मग कर्नलच्या कानांकडे पाहिलं. राजोडीच्या सगळ्या सकाळी, होडी, ज्युलियस आणि 'टर्न छान घेतला, मॅडम' हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. थोडं वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण पुढच्या कोपऱ्यावर एक जोडपं मोबाइल काढून तयारच उभं होतं.

त्यांनी फोटो काढला. कर्नल वळला आणि थेट पिंकीच्या गाडीसमोर आला.

"पिंकी," लतिका गोड आवाजात म्हणाली, "माझा एक फोटो काढ ना गं."

"आता?"

"आत्ताच. समोरून. दोन्ही हातांनी धर, हलतो नाहीतर."

इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. पिंकीने गाडी स्टँडला लावली, मोबाइल वर धरला, फोटो काढला. कर्नल वळला आणि देवळाकडे चालू लागला. टाळ्या पडल्या.

त्यानंतर लतिका परुळेकर यांनी शोभायात्रा चालवली. कोणी हौशी माणूस पुढे येई, फोटो काढी, कर्नल वळे, लतिका झेंडा उंचावून मागच्या रांगांकडे पाही, मुख्याध्यापक अभिवादनाची घोषणा करत आणि लतिका म्हणे, "पिंकी, आणखी एक."

"मघाशी काढला की, काकू."

"त्यात डोळे मिटले होते."

"तुम्ही गॉगल घातलाय."

"म्हणून तर कळलं नाही तुला. काढ."

हळूहळू तिला त्यातली मजा कळायला लागली. दुधाच्या डेअरीपाशी बायकांचा घोळका ओवाळायला उभा होता, तो मागे राहून गेला. लतिकाने एका पोलिसाला फोटो काढायला लावला, घोडा मागे वळवला, ओवाळून घेतलं, आणि पिंकीकडून पुन्हा सरळ करून घेतला. लगाम तिने केव्हाच खोगिरावर सोडून दिला होता. हर्षवर्धन वॉकी-टॉकी घेऊन शेजारून धावत होता. "मॅडम, हे प्लॅनमध्ये नव्हतं."

"सुचलं मला," लतिका वरून म्हणाली. "तुमची थीम काय आहे?"

"स्त्रीशक्ती."

"मग बाजूला व्हा जरा. फ्रेममध्ये येताय."

देवळाजवळच्या शेवटच्या वळणावर पिंकीचा फेटा तिरका झाला होता आणि मोबाइलची बॅटरी संपत आली होती. "काकू, हा शेवटचा हं," ती म्हणाली.

"लतिकाताई म्हण," लतिका म्हणाली.

पिंकीने मोबाइल वर धरून ठेवला. कर्नल मान तिरकी करून उभा. मागे ढोल, वर ऊन. "लतिकाताई," पिंकी म्हणाली आणि मोबाइल खाली घेतला.

देवळापाशी नारळ वाढवला. खाली उतरायला खुर्ची नव्हती म्हणून फलकवाल्या बायकांनी तिला हातांवर झेललं. उजव्या दोरीवाली म्हणाली, "असे टर्न मी कुणाला घेताना पाहिले नाहीत." ज्युलियस आणि क्लेमेंटीन गर्दीत उभे होते. ज्युलियसांनी मिशीवरून हात फिरवला. "माझी विद्यार्थिनी," ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, आणि त्याला नंबर दिला.

संध्याकाळी श्रीखंड खाताना लतिकाने जितेशला सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "पण तू घाबरली नाहीस?"

"पहिल्या चौकात घाबरले. नंतर मला खरंच येत होतं."

यात खोटं काहीच नव्हतं, हे जितेशने मान्य केलं. तिने त्याच उत्साहात पुढच्या वर्षीच्या उपवासकाळातले दहा धडे आजच्याच दराने नक्की करून ज्युलियसांना आगाऊ रक्कम पाठवली, परत न मिळण्याच्या बोलीवर. घोडा अर्थातच वेगळा.

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक झाली. शोभायात्रेला दुप्पट वेळ लागला, ही एकच तक्रार आली. पुढच्या वर्षासाठी घोड्याऐवजी ट्रॅक्टर ठरला.